हिरवी रेषा आणि मामांची नळी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कुणी विचारलं, तर मी शिरूरच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये परिचर असलेल्या मामांचे म्हणून सांगतो. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. लॅबमध्ये त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवतही नाही. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळ्यांचे ते मामाच होते.

मामा सातवीपर्यंत शिकलेले. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, मामाही लहानपणी त्यांच्यामागे फिरलेले. पुढे घराने मेंढरं सोडून शेती धरली आणि मामांनी कॉलेजातली नोकरी. लॅबची झाडलोट, उपकरणं मांडणं, पुसणं, परत कपाटात ठेवणं हे त्यांचं काम. शिकवणं त्यांच्या कामात नव्हतं. मला मात्र प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर त्यांनीच शिकवला.

स्वभावाने ते कमालीचे संशयी होते. पहिल्या वर्षी मी लोलकाच्या कोनाची तीन रीडिंगं घेतली आणि तिन्ही सारखी लिहिली. मामा खांद्यावरून डोकावले.

"तिन्ही येकसारखी? घरनं आणली का डब्यात घालून?"

मी म्हटलं, "तशीच आली, मामा."

"तशीच कधी येत न्हाईत. पुन्हा बघ. आन् स्क्रू येकाच बाजूनं फिरवत आण. मागं-पुढं केलास तर तो खोटं बोलतो."

त्यांचा संशय खोटा नव्हता. आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती आमच्याच कॉलेजात होती असं नाही. वरच्या वर्गातल्या मुलाचं प्रॅक्टिकलचं जर्नल खालच्या वर्गातल्या मुलाकडे यायचं. उत्तर पुस्तकात छापलेलं असायचंच. मग उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग काढायचं, त्यात थोडी चूक मुद्दाम घालायची, म्हणजे खरं वाटतं. सर सही करायचे. माझी पहिली दोन वर्षं अर्धी अशीच गेली. मी निमोण्याचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, त्यामुळे जे सगळे करतात तेच बरोबर असणार असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट होता. ग्रंथालयात इंग्रजीतलं एक जाड पुस्तक मिळालं, त्यात तेजोमेघांवर एक प्रकरण होतं. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेत पसरलेला वायू. जवळच्या अतिशय तापलेल्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश त्या वायूच्या अणूंवर पडतो आणि त्यांतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. सुटलेला इलेक्ट्रॉन भटकत राहतो आणि कधीतरी दुसऱ्या एखाद्या अणुकेंद्राला सापडतो. मग तो पायरी पायरी खाली उतरतो आणि प्रत्येक पायरीला ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतो. हायड्रोजनची लाल रेषा अशी तयार होते. हे मला समजलं, आणि समजलं याचा आनंद एवढा झाला की निमोण्याला जाणाऱ्या जीपमध्ये शेजारच्या आप्पांना मी ते सांगून टाकलं. आप्पा म्हणाले, "मेघ हाय म्हणतोस, मंग पाऊस कवा पडतो त्यातनं?"

त्याच प्रकरणात दोन हिरव्या रेषांची गोष्ट होती. पाच हजार सात आणि चार हजार नऊशे एकोणसाठ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या. या रेषा तेजोमेघांत ठळक दिसत, पण पृथ्वीवरच्या कुठल्याच प्रयोगशाळेत दिसत नसत. म्हणून शास्त्रज्ञांनी एका नव्याच मूलद्रव्याची कल्पना केली, त्याला नावही दिलं, आणि कित्येक वर्षं ते नाव चाललं. शेवटी निघालं की तो साधा ऑक्सिजन आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. भटक्या इलेक्ट्रॉनचा धक्का लागून तो वरच्या पायरीवर जातो आणि तिथून खाली यायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. अणूच्या हिशेबात हा काळ म्हणजे युग. आपल्याकडच्या, वायू भरून विजेवर पेटवायच्या काचेच्या नळीत तेवढ्या वेळात त्याला असंख्य धक्के बसतात आणि प्रकाश न टाकताच तो खाली येतो. तेजोमेघात वायू इतका विरळ असतो की धक्का मारायला कुणी नसतं. म्हणून तिथे ती रेषा दिसते.

मी ठरवलं, लॅबमधल्या हायड्रोजनच्या नळीचा वर्णपट काढायचा आणि तेजोमेघाच्या छापील वर्णपटाशेजारी लावायचा. पहिला वर्ग मिळाला तरच पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळणार होता, नाही तर परत निमोणे. प्रोजेक्टचे गुण त्यासाठी मोजून हवे होते.

रविवारी सकाळी मामा माझ्यासाठी लॅब उघडायचे. काळे पडदे ओढायचे, दहा मिनिटं अंधारात बसायला लावायचे आणि मग नळी पेटवायचे. पाऱ्याच्या दिव्यावरून मी आधीच आलेख काढून ठेवला होता, त्यावरून रेषेची तरंगलांबी ठरवायची.

नळीत मला लाल रेषा दिसली, पिवळी दिसली, हिरव्या दोन दिसल्या, निळी दिसली. ठळक हिरवी पाच हजार दहाच्या आसपास येत होती. मी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. दुसरी चार हजार नऊशे तीसला येत होती, एकोणसाठला नाही, पण एवढा फरक आलेखाचा असेल म्हणून मी सोडून दिला. लाल रेषा हायड्रोजनच्या जागेपासून बरीच सरकली होती. तिथे मी जर्नलमधला आकडा लिहिला. पिवळी शेजारच्या टेबलावरच्या सोडियमच्या दिव्याची असेल, असं ठरवलं. तो दिवा त्या दिवशी बंद होता. हायड्रोजनच्या नळीत ऑक्सिजन कुठून आला, तर थोडी हवा शिरली असेल. अशी मी एकेक शंका बाजूला सारली, कारण मला ती हिरवी रेषा हवी होती. जी रेषा जगातल्या प्रयोगशाळांत सहजी दिसत नाही ती शिरूरला दिसली, असं माझं मन म्हणत होतं.

मामांना मी सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसून ऐकत होते. धक्क्याचा भाग आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. म्हंजी त्याला कुणी ढकललं न्हाई तरच तो उजेड टाकतो?"

"हो."

"हे मेंढरावानी झालं. कळपातलं मेंढरू वरडत न्हाई. अंगाला अंग लागून असतं, चालत ऱ्हातं. येकलं पडलं, की मंग थोड्या टायमानं वरडाया लागतं."

मी चकित झालो. पुस्तकात चार पानं खर्चून जे सांगितलं होतं ते हेच होतं.

मामा नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आन् ह्या नळीत काय हाय? कळप हाय, का येकलं?"

"कळपच. भरपूर दाटी आहे."

"मंग हे वरडतंय कसं?"

मी पुन्हा डोळा लावला. हिरवी रेषा तिथेच होती.

"ही नळीच मला बरी वाटत न्हाई," मामा म्हणाले. "मी दर साली सांगतोय सरांना, हिचा रंग हायड्रोजनचा न्हाई. आधीची फुटली ती गुलाबी पेटायची. ही पिवळट पेटते. सर म्हणत्यात, मामा, तुम्ही चहाचं बघा."

त्यांनी कपाटातून दुसरी नळी काढली. तिच्यावर हेलियमचं लेबल होतं. अभ्यासक्रमात तिचा प्रयोग नव्हता, त्यामुळे ती वर्षानुवर्षं कुणी पेटवलीच नव्हती. मामांनी ती स्टँडला लावली. गुलाबी उजेड पडला. मी डोळा लावला तर लाल रेषा बरोबर हायड्रोजनच्या जागी, मग निळसर हिरवी, मग जांभळी. पुस्तकातली हेलियमची यादी काढून मी पहिल्या नळीची रीडिंगं तपासली. पिवळी, हिरवी पाच हजार सोळाची, दुसरी चार हजार नऊशे बावीसची, सरकलेली लाल, सगळ्या तिथे होत्या. नळ्यांची लेबलं अदलाबदल झालेली होती. इतक्या वर्षांत किती मुलांनी हेलियमच्या नळीत डोळा घालून हायड्रोजनची बिनचूक रीडिंगं लिहिली होती, आणि किती सरांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

इथे मी मामांच्या पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मला त्यांचाच संशय आला.

कारण सांगतो. कपाटाच्या खणात मामांची डिंकाची बाटली असायची. सुटलेली लेबलं तेच चिकटवत. मला वाटलं, यांनीच कधीतरी चुकून उलटी लावली असतील आणि आता आपल्यावर येऊ नये म्हणून आधीच बोंब मारतायत. रंगावरून नळी ओळखणारा, सातवी शिकलेला माणूस, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. ते "दर साली सांगतोय" म्हणाले, पण ते कुणी ऐकलंय? त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे चोरून बघू लागलो. ते खण उघडत तेव्हा मी मान वळवायचो. एकदा ते जुनं लेबल नखाने खरवडताना दिसले तेव्हा मी मनात म्हटलं, पुरावा चाललाय.

बेंचवरच्या माझ्या जोडीदाराला, तळेगाव ढमढेऱ्याच्या मुलाला, मी हे सांगितलं. तो हसायला लागला. "अरे शास्त्रज्ञा, नळी कोणती का असेना, तू जर्नलातलं लिही आणि मोकळा हो. मामाची फाइल गेलीय वर, लॅब असिस्टंट होणारेत ते. कशाला माती करतोस त्यांची?"

ती फाइल मला माहीत होती. मामांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. परिचराचे सहायक झाले असते तर त्यांना उपकरणांच्या रजिस्टरवर सही करायचा अधिकार आला असता. पगारापेक्षा त्यांना त्या सहीचंच अप्रूप जास्त होतं. रजिस्टर ते बाहीने पुसून ठेवायचे.

विभागप्रमुख सरांना मी नळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्यावरच संशय घेतला. "इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही आणि तुला दिसलं? रीडिंग नीट घे." मग स्वतः डोळा लावला. "तोंडी परीक्षेत हा विषय काढू नकोस," एवढंच म्हणाले.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक आले होते. मी तेजोमेघाचा तक्ता लावला होता आणि शेजारी, हायड्रोजनचं लेबल तसंच असलेली, पहिली नळी पेटलेली होती. परीक्षकांनी तक्ता वाचायच्या आधी नळीकडे पाहिलं.

"हा हायड्रोजन आहे?"

"नाही सर. हेलियम आहे. लेबल चुकीचं आहे."

"कुणी शोधलं हे?"

"मी, सर."

"शाब्बास. आणि हे लेबल लावलं कुणी?"

विभागप्रमुख माझ्याकडे बघत होते. मामा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. मला म्हणता आलं असतं की माहीत नाही, आणि तेच खरं होतं. मी म्हणालो, "लेबलं मामाच लावतात, सर."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. परीक्षक हसले. विभागप्रमुखही हसले, जरा मोकळे होऊन. मामांनी ट्रे टेबलावर ठेवला, माझ्यासमोरही एक कप ठेवला आणि ते बाहेर गेले.

मला प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळाले. मामांना खुलासा मागणारं पत्र मिळालं. त्यांनी काय लिहून दिलं ते मला कळलं नाही. फाइल परत आली आणि ते परिचर म्हणूनच निवृत्त झाले. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "पुण्याला जा. आन् तिथं कुणाचं जर्नल घेऊ नको." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला वाटलं, माणसाची चूक असली की तो असाच गप्प बसतो. माझा संशय उलट पक्का झाला.

पुण्याच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मला प्रोजेक्टबद्दल विचारलं. तेजोमेघात ती हिरवी रेषा का दिसते, हे सोप्या शब्दांत सांग म्हणाले. मी मेंढराची उपमा सांगितली. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून खूश झाले. "ही कुणाची उपमा?" एकाने विचारलं. "आमच्याकडे धनगरवाडे आहेत, त्यावरून सुचलं," मी म्हणालो. प्रवेश मिळाला.

पुढची काही वर्षं लांबवत नाही. एम.एस्सी. झाली आणि दौंडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. नवी लॅब उभी राहत होती. उपकरणं पुण्यातल्या एका दुकानातून यायची. शिरूरच्या कॉलेजातही त्याच दुकानाचा माल असायचा, खोक्यांवरचं नाव माझ्या ओळखीचं होतं. एका दुपारी नळ्यांचं खोकं आलं. पट्टी मीच कापली, नळ्या भुशातून मीच काढल्या. प्रत्येकीला हाताने लिहिलेली कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. आरगॉन लिहिलेली नळी लावली तर ती नारिंगी लाल पेटली. पडदे ओढून डोळा लावला. लाल आणि नारिंगी रेषांची दाट रांग. निऑन.

मी खोकं पुन्हा पाहिलं. माझ्याआधी त्याला कुणीही हात लावला नव्हता. डिंकाची बाटली इथे कुणाकडेच नव्हती.

यावरून शिरूरला काय झालं ते सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण मामांविरुद्ध तरी माझ्याकडे काय होतं? एक खण आणि एक बाटली. आधीची नळी गुलाबी पेटायची हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि सांगितलंही होतं. त्या सगळ्या लॅबमध्ये त्या नळीकडे खरोखर बघणारे ते एकटेच होते. मी एरवी त्यांच्या संशयी स्वभावाचे गोडवे गायले, पण माझा संशय कधी माझ्याकडे वळवला नाही.

त्याच आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती तशीच देतो.

दौंड, रविवार

मामा,

तुम्ही हे पत्र स्वतः वाचा. नातवाला वाचायला देऊ नका, आधी तुम्ही वाचा.

इथे नव्या नळ्या आल्या. बंद खोक्यात होत्या आणि एकीवर चिठ्ठी चुकीची निघाली. दुकान तेच आहे, शिरूरला माल देणारं. तुमच्या नळ्यांची लेबलंही तिकडूनच उलटी आली असतील. नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही उलटी लावली असं तर मला कधीच माहीत नव्हतं, आणि तरी परीक्षेत मी तसं वाटेल असं बोललो. तुम्ही दारात होतात. तुम्ही ऐकलंत हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

अजून दोन गोष्टी आहेत. नळी चुकीची आहे हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. "कुणी शोधलं" विचारल्यावर मी "मी" म्हणालो. आणि मेंढराची गोष्ट मी पुण्याच्या मुलाखतीत माझी म्हणून सांगितली. त्यावर मला प्रवेश मिळाला. तेव्हापासून प्रत्येक वर्गात मी ती सांगतो, मुलं मान डोलावतात, आणि मी ती माझीच म्हणून सांगतो. या सोमवारपासून तुमची म्हणून सांगेन.

तुमची फाइल माझ्यामुळे परत आली. ती आता कुणी पुढे नेणार नाही, हे मी ओळखून आहे. तरी शिरूरच्या प्राचार्यांना मी लेखी दिलं आहे की त्या नळीबद्दल तुम्ही दर वर्षी सांगत होतात, कुणी ऐकलं नाही, मला ते तुम्हीच दाखवलंत, आणि लेबलाबद्दल मी जे बोललो त्याला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. ते रागावतील. विभागप्रमुख सर तर रागावतीलच. त्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.

मी माफी मागतो. तुम्ही द्यावी असं म्हणत नाही.

सोबतच्या प्रतीत आधीच्या नळीचा रंग मी गुलाबी लिहिला आहे. ती केव्हा फुटली आणि तुम्ही सरांना पहिल्यांदा केव्हा सांगितलंत, ते मला माहीत नसल्याने जागा मोकळी सोडली आहे. तिथे मी अंदाजाने काहीही लिहिलेलं नाही. तुम्हाला आठवत असेल तेवढंच भरा, आणि दुसरं काही चुकलं असेल तर खोडा. तुम्ही परत पाठवलंत की मी ते प्राचार्यांना नव्याने लिहून देईन. नाही पाठवलंत तर जागा मोकळीच राहू देईन.

तुमच्या लॅबमधला,
निमोण्याचा